बापाच्या जागेतला बोया

"दर्या मला विचारल्याशिवाय फुटत न्हाय!"

हे वाक्य रावजी तांडेलाचं, म्हणजे लाँच हाकणाऱ्याचं. कोंढेवाडीच्या धक्क्यावर उभं राहून, कमरेवर हात ठेवून, तो हे दिवसातून चारदा तरी ऐकवायचा. आणि ऐकताना कुणाच्या तोंडावर जरा जरी हसू फुटलं, की त्या माणसाला लाँचमध्ये नेमकी इंजिनाच्या धुराजवळची जागा मिळायची. राग कायम नाकावर! माणूस वाईट नाही हो. पण चहा गार आला तरी भडकायचा, आणि गरम आला तरी भडकायचा, जीभ भाजली म्हणून.

आता आधी हे बंदर समजून घ्या, म्हणजे पुढचा घोळ समजेल. धक्का आहे खाडीत, आतल्या बाजूला. तिथून टेकडीला वळसा घालून खाडी समुद्राला मिळते, ते बंदराचं तोंड. तोंडाशी पाण्याखाली वाळूचा उंचवटा. भरतीला त्याच्यावरून लाँच आरामात जाते. पण ओहोटी असली आणि बाहेरून मोठी लाट येत असली, की ती लाट त्या वाळूवर उभी राहते आणि अशी फुटते, की भल्याभल्या होड्या उताण्या होतात. गंमत म्हणजे (गंमत कसली, डोंबल!) धक्क्यावरून हे तोंड दिसतच नाही. मध्ये टेकडी! त्यामुळे आगरदांड्याला माणसं नेणारी लाँच सोडायची की नाही, हे वर्षानुवर्षं एकच माणूस ठरवायचा. लोक विचारायचे, "काय रावजी, जायचं का?" रावजी डोळे बारीक करून आभाळाकडे बघायचा, मुद्दाम जरा वेळ लावायचा आणि मग म्हणायचा, "बसा." त्या एका शब्दावर त्याचं अर्धं पोट भरायचं.

गेल्या वर्षी तोंडाशी एक होडी उलटली. दुसऱ्या गावची होती. माणसं वाचली, जाळी गेली, पेपरात फोटो आला आणि बंदर खात्याला जाग आली. मग एक दिवस क्रेन लावलेली बोट घेऊन क्रांती मॅडम आल्या. खात्यातल्या इंजिनियर. वय कोवळं, आवाज मात्र भोंग्यासारखा. त्यांनी बंदराच्या तोंडाबाहेर एक पिवळाधम्मक गोळा पाण्यात सोडला. वर सोलरची पाटी, डोक्यावर मिणमिणता दिवा, खाली साखळी आणि तळाला सिमेंटचा ठोकळा. त्याचं नाव बोया. गावाने पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं डबा.

"हा लाटेबरोबर वर-खाली होतो," मॅडमनी धक्क्यावर सगळ्यांना गोळा करून सांगितलं. "किती वर गेला, किती खाली आला ते मोजतो आणि इथे कळवतो. त्यात भरती-ओहोटीचा हिशेब मिळवला, की या खांबावर आपोआप दिवा लागतो. हिरवा लागला तर जा. लाल लागला तर तोंडातून आत-बाहेर काहीही जाणार नाही."

"वर-खाली तर मीपण होतो!" रावजी ओरडला.

"तुम्ही मोजत नाही, काका."

लोक हसले. सगळे हसले! रावजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि खरी आग तर पुढेच होती. संध्याकाळी तो आपली छोटी होडी घेऊन जाळं लावायला गेला आणि बघतो तर काय? डबा नेमका त्याच्या जागेत! जिथे त्याचा बाप डोल, म्हणजे एका जागी बांधून ठेवायचं जाळं, लावायचा, बापाचा बाप लावायचा, त्याच जागेच्या मधोमध सरकारचा पिवळा गोळा मजेत डुलतोय!

दुसऱ्या दिवशी त्याने क्रांती मॅडमना धक्क्यावर गाठलं.

"मॅडम, ती माजी जागा हाय!"

"काका, समुद्रात कुणाची जागा नसते."

अरे देवा! हे वाक्य या बाईने कुठेही म्हणावं, कोळ्यांच्या धक्क्यावर म्हणू नये. इथे पाण्यावर रेघ दिसत नसली, तरी कुठली जागा कुणाची हे पाळण्यातल्या पोरालाही पाठ असतं. रावजीच्या तोंडाशी जे शब्द आले ते बाईमाणसासमोर बोलण्यासारखे नव्हते. तो तसाच फणफणत घरी गेला आणि बायकोवर, म्हणजे नीराबाईवर, ओरडला. नीराबाई माशांचे खवले काढत होती. तिने मान वर केली नाही. "मला काय सांगता? मी टाकलाय का डबा?"

त्यात चार दिवसांनी खांबावर पहिला लाल दिवा लागला. धक्क्याजवळ पाणी तेलासारखं, वारा मेलेला, आभाळ स्वच्छ. लाँच भरलेली. रावजी म्हणाला, "बसा!" आणि तिकिटाच्या खिडकीतून तिकीट देणारा रितेश ओरडला, "काका, लाल आहे! उतरवा सगळ्यांना!" आणि लोक उतरले! रावजीने "बसा" म्हटलं असताना उतरले! एक म्हातारी तर उतरता उतरता त्यालाच म्हणाली, "दिवा बघत जा रं बाबा."

बस्स! त्याच रात्री जेवताना रावजीने ठरवलं. डबा हलवायचा.

आता तुम्ही म्हणाल, सरकारी वस्तूला हात लावायचा म्हणजे गुन्हाच. पण त्याच्या डोक्यात गुन्ह्याचा ग सुद्धा नव्हता. दर्यावरची रीतच तशी आहे. दुसऱ्याचं जाळं वाहत आपल्या जागेत आलं तर भांडायचं नाही, कापायचं नाही. नीट उचलायचं, कुणाचीच नसलेल्या जागेत नेऊन सोडायचं, आणि धक्क्यावर आलं की त्याला सांगायचं, "तुझं तिकडं ठेवलंय." रावजीने अगदी तेच केलं. चुलतभाऊ रंगूला घेतलं. रंगू म्हणजे अंगाने रेडा आणि काळजाने ससा. भर ओहोटीला, पाणी उथळ असताना, जाळं ओढायच्या मशीनने ठोकळा उचलला, साखळी होडीत घेतली, डबा मागे बांधला आणि तोंडाबाहेरच्याच कासव खडकामागे नेऊन सोडला. सांगायलासुद्धा गेला हो तो! खिडकीवर. रितेश जेवायला गेला होता. रावजीने बंद खिडकीलाच सांगितलं, "डबा कासव खडकामागं हाय," आणि मनाने मोकळा झाला.

आता कासव खडकामागची जागा कुणाचीच का नव्हती? कारण तिथे मासा नाही. मासा का नाही? कारण तिथे पाणीच हलत नाही! तिन्ही बाजूंनी खडक. बाहेर दर्या खवळला तरी आत पातेल्यातलं पाणी. आणि लाट मोजायचं यंत्र रावजीने नेमकं तिथे नेऊन ठेवलं!

त्या दिवसापासून खांबावर हिरवाच दिवा. सकाळी हिरवा, दुपारी हिरवा, पौर्णिमेला हिरवा, अमावस्येला हिरवा. डबा म्हणायचा, लाट नाहीच! सुरुवातीला रावजी खूश. जाळ्यात बोंबील लागायला लागले, लाँच रोज सुटायला लागली, "बसा" म्हटलं की लोक बसायला लागले.

मग कुठेतरी लांब वादळ झालं आणि बाहेरून लांबच लांब लाटा यायला लागल्या.

पहाटे जाळ्यावरून येताना रावजीने बंदराच्या तोंडावर फुटणाऱ्या लाटांचं पांढरं बघितलं. धक्क्यावर आला तर दिवा हिरवा. प्रवासी चढायला लागलेले.

"आज लाँच जायाची न्हाय," रावजी म्हणाला.

"का?" रितेशने विचारलं. "हिरवा आहे की!"

का? आता काय सांगणार, कपाळ! "इंजिनाचा पट्टा तुटलाय," त्याने ठोकून दिलं. लगेच मेस्त्री आला. त्याने पट्टा बघितला. कोरा करकरीत! मेस्त्रीने रावजीकडे असं बघितलं की रावजीलाच खाली बघावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने पोट धरलं. नीराबाईने धावत येऊन ओव्याचा काढा पाजला, तांब्याभर, धक्क्यावर, सगळ्यांसमोर, नाक दाबून. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आज अमावस्या हाय, अमावस्येला मी जात न्हाय." रितेशने भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. दशमी होती.

धक्क्यावर कुजबुज सुरू झाली. रावजी घाबरायला लागला! वय झालं! आणि ही कुजबुज सगळ्यात मोठ्या आवाजात करत होता बुधाजी. बुधाजी म्हणजे धक्क्यावरचा दुसरा तांडेल. त्याच्याकडे लायसन होतं, पण लाँच नव्हती, आणि वीस वर्षं तो रावजीच्या आजारपणाची वाट बघत होता.

"तुला जमत नसंल तर सांग, रावज्या," बुधाजी म्हणाला. "मी नेतो."

"माज्या लाँचला हात लावलास तर हात मोडीन!" रावजी गरजला. पण रात्री त्याला वाटायचं, उद्या जाऊन सगळं सांगावं. सकाळी वाटायचं, सांगितलं तर लायसन जाईल. लायसन गेलं तर रावजीचं उरलं काय? चहा पिणारा एक म्हातारा!

आणि मग तो साखरपुड्याचा दिवस उजाडला.

नीराबाईच्या भावाच्या मुलीचा साखरपुडा आगरदांड्याला. इकडून सगळी माणसं लाँचने जाणार. नऊवारी, गजरे, साखरेच्या पुड्या, फळांच्या करंड्या. नीराबाई सगळ्यात पुढच्या बाकावर मांडीवर ताट घेऊन बसलेली, जणू तिचाच साखरपुडा. योगायोग असा की क्रांती मॅडमही त्याच लाँचने आगरदांड्याला निघालेल्या. दिवा हिरवागार. ओहोटी तळाला. आणि रावजी पहाटे ज्या लाटांतून होडी घेऊन आत आला होता, त्या अजून त्याच्या डोळ्यांसमोरून जात नव्हत्या. एक लाट होडीच्या डोक्यावरून गेली होती. लाँच त्या तोंडात गेली असती तर आडवी झाली असती. नक्की!

"लाँच जायाची न्हाय!" तो ओरडला. "उतरा सगळी!"

"आज काय?" बुधाजीने विचारलं. "आज कोण बाळंत झालं?"

सगळी लाँच खदखदून हसली. नीराबाईसुद्धा!

"बुधाजीकाका, तुम्ही न्या," रितेश म्हणाला. "हिरवा आहे, लायसन आहे, बस."

बुधाजी चढला. रावजीने कमरेचा चाव्यांचा जुडगा काढला, हात गरागरा फिरवला आणि दिला खाडीत भिरकावून! डुबुक!

"आता ने!" तो म्हणाला. "ने बघू!"

रितेशने शांतपणे ड्रॉवर उघडला. "दुसरी चावी असते इथे, काका."

"अवो, त्या जुडग्यात घरच्या कपाटाची चावी व्हती!" नीराबाई किंचाळली. "माज्या साड्या हायेत आत!"

इंजिन सुरू झालं. घरघर, धूर, घंटा. बुधाजीने ऐटीत टोपी सरळ केली. रावजीला समोर नीराबाई दिसत होती, तिच्या मांडीवरचं ताट दिसत होतं, आणि टेकडीमागचं ते न दिसणारं पांढरंही दिसत होतं. त्याने धक्क्यावरचा लाँचचा दोर दोन्ही हातांनी धरला आणि छाती फुटेल असा ओरडला,

"दिवा खोटा हाय! डबा मी हलवलाय!"

पुन्हा हशा. आधीपेक्षा मोठा!

"ऐका!" बुधाजी पोट धरून म्हणाला. "लाँच जाऊ नये म्हणून आता डबा पळवला म्हनतोय!"

"घरातलं गॅसचं सिलिंडर हलवा म्हटलं तर यांची कंबर धरते," नीराबाई शेजारणीला म्हणाली. "आणि हे म्हनं बोया हलवतात!"

क्रांती मॅडम बाकावरून उठल्या. चेहऱ्यावर ते समजूतदार हसू, जे बघितलं की रावजीला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं. "काका, तुम्हाला बोया आवडत नाही, कळतंय मला. पण तो बसवायला आम्हाला क्रेन लागली होती."

"क्रेन तुमास्नी लागते!" रावजीच्या मानेच्या शिरा टरारल्या. "आमास्नी ओहोटी लागते आन् जाळं वडायचं मशीन! मी हलवला म्हनतोय ना! लिवून घ्या! पोलीस बोलवा! अटक करा मला!"

"उगाच काहीतरी."

"उगाच? माजी लबाडी तुमाला खरी वाटंना का काय?" आयुष्यात पहिल्यांदा गुन्हा कबूल केला, आणि कुणी घेईना! "रंगू! ए रंगू! सांग त्यास्नी!"

रंगू मागच्या बाकावर करंडीआड लपला होता. सगळ्यांनी वळून बघितलं. त्याला घाम फुटला.

"मी? मला काय म्हाईत? मी तर त्या दिवशी मुरुडला व्हतो."

"कुठल्या दिवशी?" क्रांती मॅडमनी विचारलं.

"ज्या दिवशी डबा हल..." रंगूने जीभ चावली. पण जीभ चावून काय उपयोग? बाहेर पडायचं ते पडून गेलं होतं.

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी मोबाईल काढला, बोटाने नकाशा मोठा केला, आणखी मोठा केला. बोयाचा पिवळा ठिपका कासव खडकाच्या कुशीत निवांत बसला होता.

"इंजिन बंद करा," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "आधी इंजिन बंद करा!"

"पन हिरवा हाय..." बुधाजी म्हणाला.

"तो हिरवा खोटा आहे!!"

रितेशला त्यांनी बंदराचं तोंड बघायला टेकडीवर पिटाळलं. आणि तोवर फोन लावला आपल्या आधीच्या साहेबांना, कारण बोयाने जागा सोडली की धोक्याचा मेसेज जातो तो अजून त्यांच्याच नंबरवर. साहेबांची बदली झालेली. फोन मोठ्या आवाजावर होता, सगळ्या लाँचने ऐकला.

"येतात ना मेसेज! रोज येत होते. मी म्हटलं, आता आपला काय संबंध? ब्लॉक केला नंबर."

त्यावर क्रांती मॅडम जे बोलल्या, ते इथे देता येणार नाही. एवढंच सांगतो, की ऑफिसातल्या बाईंना धक्क्यावरच्या शिव्या येतात हे कोंढेवाडीला त्या दिवशी कळलं. फोन ठेवून त्या रावजीकडे वळल्या. "आणि तुम्ही! माणसं मेली असती ना! तुमच्या जाळ्याच्या जागेसाठी!"

"मग माज्या जागेत टाकायच्या आधी मला इचारलं का न्हाय?" रावजीही मागे हटणारा नव्हता. "पानी कुनाचंच नसतं म्हनलात ना? मग डबा पान्यात कुठंबी असंना! तुमाला काय त्रास?"

दोघं एकमेकांच्या अंगावर ओरडत असतानाच रितेश टेकडीवरून धापा टाकत खाली आला. तोंड उतरलेलं. "सगळं पांढरं आहे, मॅडम. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. लाँच गेली असती तर..."

आता मात्र कुणी हसलं नाही. करंड्या उतरल्या, पोरंबाळं उतरली. बुधाजी कधी उतरला ते दिसलंच नाही. सगळ्यांत शेवटी नीराबाई ताट घेऊन उतरली आणि सरळ रावजीसमोर येऊन उभी राहिली.

"डबा हलवलात तो हलवलात. मला त्या दिव्याच्या भरवशावर लाँचमध्ये बसू दिलंत!"

"बसू कुठं दिलं? मघाधरनं बोंबलतोय!"

"आज बोंबलताय! काल लाँच सुटली असती म्हंजे? परवा सुटली असती म्हंजे? पोट धरून काढा पिलात माज्या हातचा! तवा बोंबलायचं व्हतं!"

सगळ्या धक्क्यासमोर रावजीला रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून तो रंगूवर खेकसला, "बघतोस काय? तिच्या करंड्या उचल!"

साखरपुड्याची माणसं टेंपोत बसून लांबच्या रस्त्याने गेली, जाताना रावजीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. राहिले रावजी, रंगू आणि क्रांती मॅडम.

"क्रेनची बोट यायला आठवडा जाईल," मॅडम म्हणाल्या. "तोवर बंदर आंधळं. तुम्ही हलवलात ना? तुम्हीच परत न्या. आज. भरती आली की. आणि मी बरोबर येणार. तुमच्यावर माझा काडीचा विश्वास नाही."

"माजाबी तुमच्यावर न्हाय," रावजी म्हणाला. "चला."

दुपारी भरती चढली. तोंडावर पाणी खोल झालं, लाटा नुसत्या फुगून खालून निघून जायला लागल्या. होडी बाहेर पडली. कासव खडकामागचा ठोकळा उचलण्यात तास गेला. डबा ओढत आणण्यात आणखी एक. त्यात मॅडमना होडी लागली. त्या एका हाताने काठ धरून ओकत होत्या आणि दुसऱ्या हाताने मोबाईलवर बघून हुकूम सोडत होत्या. "अजून पुढे... ओऽऽ... डावीकडे, डावीकडे म्हटलं ना!" शेवटी ठोकळा सोडायची वेळ आली तेव्हा होडीचा नांगर बोयाच्या साखळीत गुंतला. रंगूने सोडवला. म्हणजे, कोयत्याने दोर कापला. नांगर गेला तळाला.

"कापायला कुनी सांगितलं, रेड्या?"

"तूच म्हनलास सोडव!"

पण डबा बसला. बरोब्बर जागेवर. बापाच्या जागेच्या मधोमध. मॅडमनी ठिपका बघितला, सुस्कारा सोडला आणि चूळ भरली. "चला आता धक्क्यावर."

आणि त्यांचा फोन वाजला. रितेश होता.

"मॅडम, बोयाचे आकडे यायला लागले. एकदम मस्त! लाल लागलाय."

"काय लागलाय?"

"लाल. ओहोटी सुरू झालीय ना. आता मध्यरात्री भरती चढेपर्यंत तोंड बंद. तुम्ही आत येऊ नका."

"रितेश, मी क्रांती बोलतेय!"

"हो मॅडम. ओळखला आवाज. लाल आहे."

फोन बंद झाला. मॅडम टेकडीआड गेलेल्या खांबाच्या दिशेला डोळे वटारून बघत राहिल्या. रावजीला मनापासून हसू आलं, आणि हसण्यापेक्षा जास्त राग आला. लाल म्हणे! त्याने इंजिनाला हात घातला. "असल्या दिव्याला मी इचारत न्हाय! धरा घट्ट. पाच मिंटात धक्क्यावर नेतो!"

"न्या बघू," मॅडम म्हणाल्या.

रावजीने होडीचं तोंड वळवलं आणि बघितलं. होडीभोवती पाणी कसं, तेलासारखं गुळगुळीत. त्यातून एक लांब फुगवटा आला, होडीला हळूच उचललं, हळूच ठेवलं आणि पुढे गेला. रावजी त्याच्याकडे बघत राहिला. तो फुगवटा वाळूवर पोचला, उभा राहिला, माणसाच्या वर गेला आणि कोसळला. पांढराफेक! मागोमाग दुसरा. मागोमाग तिसरा. रंगूने देवाचं नाव घेतलं.

रावजीने इंजिन बंद केलं. डबा खरं बोलत होता, आणि हेच त्याला सगळ्यात जास्त झोंबलं. डब्याने लबाडी केली असती तर निदान चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या!

नांगर नाही. होडी वाहायला लागली. रावजीने सवयीने दोर उचलला, फास केला आणि डब्याच्या कडीकडे टाकायला हात वर नेला.

"काकाऽऽऽ!" मॅडम अशा किंचाळल्या की रंगू पाण्यातच पडायचा. "बोयाला दोर लावायचा नाही!"

"मग होडी बांधू कुठं? माज्या बापाची जागा हाय ही!"

"कुठेही बांधा! त्याला होडी बांधली, नुसता धक्का जरी लागला, तरी तो जास्त हलेल. आकडा वाढेल. आणि लाल उद्या सकाळपर्यंत जाणार नाही!"

रावजीने दोराकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं. लाटेने होडी हळूच डब्याकडे सरकत होती.

"काका, लांब घ्या. लांब! लागेल त्याला!"

रावजीने दात खाल्ले, वल्हं उचललं आणि होडी डब्यापासून लांब घ्यायला लागला.